एकच सर्किट, दोन मांडण्या: व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तारांच्या जागा बदलून प्रयोग कसे करावेत?

प्रश्न

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत मी एकच लहान गिटार अ‍ॅम्प्लिफायर दोनदा बांधला. सर्किट व्हॉल्व्हचे, म्हणजे निर्वात नळ्यांचे, आणि अगदी साधे आहे: सिग्नल वाढवणारा एक १२एएक्स७ (यात दोन स्वतंत्र ट्रायोड, म्हणजे दोन स्टेज), लाऊडस्पीकर हाकणारा एक ६व्ही६ आणि एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ५वाय३, म्हणजे फेंडरच्या ५एफ१ चॅम्पच्या धर्तीचे, लाऊडस्पीकरकडून दुसऱ्या स्टेजच्या कॅथोडकडे (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाकडे) परत येणाऱ्या फीडबॅकसह. मुख्य डीसी पुरवठा सुमारे ३४० व्होल्टचा मिळतो. दोन्ही वेळा ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, कपॅसिटर आणि बहुतेक रेझिस्टरही त्याच प्रकारचे वापरले. बदलली ती फक्त मांडणी.

पहिल्या वेळी टॅग स्ट्रिपा (सोल्डरिंगच्या कड्या असलेल्या पट्ट्या) वापरून सुटे भाग थेट सॉकेटच्या पिनांवरून जोडले. तारा आखूड होत्या, पण एकमेकींवर चढलेल्या होत्या. घरघर जवळजवळ नव्हती. मात्र व्हॉल्यूमचे बटण तीन-चतुर्थांशाच्या पुढे नेले की बारीक शिट्टी सुरू होत असे. दुसऱ्या वेळी टरेट बोर्ड (सोल्डरिंगचे खुंट असलेला बोर्ड) घेतला, भाग ओळीने बसवले, तारा काटकोनात वळवल्या आणि ग्राउंडसाठी बोर्डाच्या खालच्या कडेने एक लांब तार टाकली. दिसायला हे काम कितीतरी सुबक झाले. शिट्टी गेली, पण १०० हर्ट्झची एक खरखरीत घरघर आली, जी व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी तेवढीच राहते. शिवाय व्हॉल्यूम पूर्ण उघडला की स्वर पातळ आणि किरकिरा होतो, जणू त्याच्या शेपटीला वाळू चिकटली आहे.

या सर्किटमध्ये पुढे आणखी एक गेन स्टेज (सिग्नल वाढवणारा टप्पा) घालण्याचा माझा विचार आहे. त्याआधी मांडणीचे प्रयोग नीट पद्धतीने करावेत असे वाटते, कारण आतापर्यंत मी जे केले ते अंदाजपंचेच होते. कोणत्या तारांच्या जागेने खरोखर फरक पडतो आणि कोणत्या तारा कशाही गेल्या तरी चालतात? ग्राउंड एका बिंदूला आणावे की लांब तारेवर ठेवावे? आणि प्रत्येक ग्रिडला (व्हॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाला) शील्ड असलेली तार वापरण्याचा सल्ला मी वारंवार वाचतो, तो कितपत योग्य आहे?

उत्तर १

आधी घरघरीचे पाहू, कारण आपण दिलेल्या वर्णनातच तिचे निम्मे निदान झालेले आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) १०० हर्ट्झचा असतो, तर हीटरच्या (व्हॉल्व्हचा कॅथोड तापवणाऱ्या) तारांमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा आवाज मुख्यतः ५० हर्ट्झचा आणि अधिक गोल, गुणगुणता असतो. आपला आवाज १०० हर्ट्झचा आणि खरखरीत आहे, म्हणजे तो पुरवठ्याकडून येतो आहे. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तो तेवढाच राहतो, म्हणजे तो व्हॉल्यूमच्या पुढे शिरतो आहे. वीज बंद करून १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करून ऐका. घरघर थांबली तर ती दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिड-कॅथोड वर्तुळात शिरते. थांबली नाही तर ६व्ही६ किंवा त्याचा पुरवठा तपासावा लागेल.

माझी अटकळ अशी की पॉवर ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (सेकंडरीच्या मध्यावरून निघणारी तार) आपण त्या लांब ग्राउंड तारेच्या सोयीस्कर टोकाला जोडला आहे आणि रिपल सपाट करणारा पहिला फिल्टर कपॅसिटर दुसऱ्या टोकाला आहे. सुबक बोर्डावर ही चूक फार सहज होते, कारण आकृतीत ग्राउंडची सगळी चिन्हे सारखीच दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या फिल्टर कपॅसिटरला भरणारा प्रवाह सलग वाहत नाही. तो प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या शिखरावर थोडा वेळ, पण जोरात वाहतो. सरासरी प्रवाह ५० मिलिअँपिअर असला तरी त्या ठोक्याचे शिखर सहज ३०० मिलिअँपिअरपर्यंत जाऊ शकते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या, २० सेंटिमीटर लांबीच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स सुमारे ७ मिलिओहम भरतो. गुणाकार केला तर त्या तारेच्या दोन टोकांमध्ये २ मिलिव्होल्टचे ठोके उभे राहतात. दुसऱ्या ट्रायोडचा कॅथोड एका टोकाशी आणि व्हॉल्यूमचा ग्राउंड दुसऱ्या टोकाशी असेल, तर व्हॉल्व्हच्या दृष्टीने हे २ मिलिव्होल्ट म्हणजे सिग्नलच आहे, आणि तो ५० पट करून पुढे पाठवला तर ६व्ही६च्या ग्रिडवर १०० मिलिव्होल्टची घरघर पोहोचते. पूर्ण ताकदीसाठी त्या ग्रिडला १५ ते २० व्होल्ट लागतात हे खरे, पण गिटारचे लाऊडस्पीकर फार संवेदनशील असतात. शांत खोलीत एवढी घरघरसुद्धा स्पष्ट ऐकू येते.

उपाय असा: सेंटर टॅपची तार थेट पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या ऋण टोकावरच आणा, मध्ये काहीही जोडू नका. ६व्ही६च्या कॅथोड रेझिस्टरचे खालचे टोकही त्याच कपॅसिटरकडे जाऊ द्या, कारण त्या स्टेजचा प्रवाह तिथूनच निघतो आणि त्याला तिथेच परतायचे असते. तिथून पुढे एकच तार ६व्ही६च्या स्क्रीनच्या (दुसऱ्या ग्रिडच्या) फिल्टर कपॅसिटरकडे, मग प्रीअ‍ॅम्पच्या फिल्टर कपॅसिटरकडे, आणि १२एएक्स७शी संबंधित सर्व ग्राउंड या शेवटच्या कपॅसिटरपाशी. चॅसिसशी जोड एकाच ठिकाणी, इनपुट जॅकजवळ. मात्र मुख्य विजेचे अर्थिंग यापासून वेगळे, स्वतंत्र बोल्टने, वीज आत येते त्याच्याजवळ चॅसिसला पक्के जोडलेले हवे. घरघर घालवण्यासाठी अर्थिंग सोडवून पाहण्याचा प्रयोग कोणीही सुचवला तरी करू नये.

सगळे ग्राउंड एका बिंदूला आणण्याचा आग्रह मी धरणार नाही. एका बिंदूसाठी दहा लांब तारा ओढल्या, तर त्यातली प्रत्येक तार अ‍ॅन्टेना होऊन बसते. प्रवाह योग्य क्रमाने परतत असेल, तर साधी सलग तारही निर्दोष चालते.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी शिट्टीबद्दल आणि त्या ‘वाळू’बद्दल लिहितो, कारण माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे.

प्रत्येक ट्रायोड स्टेज सिग्नल उलटा करते. त्यामुळे दुसऱ्या स्टेजच्या प्लेटवरचा (वाढलेला सिग्नल जिथून निघतो त्या टोकावरचा) सिग्नल पहिल्या ग्रिडवरच्या सिग्नलशी पुन्हा एकाच फेजमध्ये येतो, म्हणजे दोन्ही एकाच वेळी चढतात-उतरतात, आणि त्या दोन तारा जवळ आल्या तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचेच ऐकून ओरडू लागतो. किती जवळ? पहिल्या ग्रिडपाशी ६८ किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि दोन तारांमध्ये केवळ १ पिकोफॅराड कपॅसिटन्स आहे असे धरा. १० किलोहर्ट्झला १ पिकोफॅराडचा अडथळा सुमारे १६ मेगाओहम असतो, म्हणजे दुसऱ्या प्लेटवरच्या सिग्नलचा २३५वा भाग पहिल्या ग्रिडवर परत येतो. दोन्ही स्टेजचा एकत्रित गेन, फीडबॅकमुळे होणारी घट धरूनही, हजाराच्या आसपास असेल, तर परत आलेला भाग मूळ सिग्नलच्या चौपट होतो. फेजमधील फरकामुळे प्रत्यक्षात हे गणित इतके सरळ नसते. पण एकापेक्षा मोठा आकडा आला की शिट्टीची तयारी झाली असे समजावे. एकमेकींना चिकटून गेलेल्या दोन साध्या तारांमध्ये १ पिकोफॅराड जमायला काही सेंटिमीटरच पुरतात. व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशाच्या पुढे गेल्यावरच शिट्टी सुरू होते याचे कारणही हेच: तिथे गेन ती सीमा ओलांडतो.

दुसऱ्या मांडणीत शिट्टी गेलेली नाही, ती बहुधा कानाच्या पलीकडे गेली आहे. कानाला न ऐकू येणाऱ्या उंचीवर अ‍ॅम्प्लिफायर दोलन करत असला, की त्याची ताकद त्यात खर्ची पडते आणि ऐकू येणारा स्वर पातळ, किरकिरा होतो. ऑसिलोस्कोप असेल तर लाऊडस्पीकरऐवजी ८ ओहमचा मोठा रेझिस्टर लावून पाहा, सिग्नलच्या रेषेवर जाड, पुसट पट्टा दिसेल. नसेल तर पुढील प्रयोग करा. ६८ किलोओहमचा रेझिस्टर आपण नक्कीच बोर्डावर, ओळीत बसवला असणार. तो तिथून काढा आणि थेट १२एएक्स७च्या पिन २ वर, पाय शक्य तितका आखूड ठेवून सोल्डर करा. ६व्ही६च्या ग्रिडवरही असाच १.५ किलोओहमचा रेझिस्टर पिन ५ वरच लावा. बोर्डावरच्या रेझिस्टरपासून पिनेपर्यंत जाणारी दहा सेंटिमीटरची उघडी तार रेझिस्टरच्या चुकीच्या बाजूला पडते. तिने जे उचलले ते अडवायला मध्ये कोणीच नसते.

त्याआधी एक शक्यता मात्र निकालात काढा. फीडबॅकची तार तात्पुरती सोडवून पाहा. त्याने दोष नाहीसा झाला, तर फीडबॅकच्या वर्तुळातच बिघाड आहे. दोष तसाच राहिला किंवा वाढला, तर मी वर सांगितले ते कारण खरे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या तारा उलट लागल्या असतील, तर फीडबॅक घटवण्याऐवजी वाढवत राहतो, पण तेव्हा बहुधा व्हॉल्यूम कमी असतानाही आरडाओरडा होतो, म्हणून आपल्याकडे ते कारण नसावे असे वाटते.

आता शील्डच्या तारेविषयी. तिचा धसका घेण्याचे कारण नाही आणि ती सर्वत्र वापरण्याचेही नाही. अशा तारेचा कपॅसिटन्स मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅराड धरला, तर १५ सेंटिमीटरला १५ पिकोफॅराड होतात. १ मेगाओहमच्या व्हॉल्यूम कंट्रोलचा सरकता बिंदू विद्युतदृष्ट्या बरोबर मध्यावर असतो तेव्हा त्याचा स्रोत-रेझिस्टन्स सर्वाधिक, म्हणजे २५० किलोओहम होतो. पुढच्या ट्रायोडचा, मिलर परिणामामुळे (प्लेटवरच्या वाढलेल्या उलट्या सिग्नलमुळे) फुगलेला कपॅसिटन्स आधीच १०० पिकोफॅराडच्या घरात असतो, त्यामुळे उंच स्वरांची उतरण ६.४ किलोहर्ट्झपासून सुरू होत होती, ती आता ५.५ किलोहर्ट्झपासून होईल. फरक ऐकू येईल, पण आवाज ‘मेला’ असे म्हणण्याइतका नाही. इनपुट जॅक ते पहिली ग्रिड आणि व्हॉल्यूम ते दुसरी ग्रिड, एवढ्या दोनच ठिकाणी ती वापरावी, आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करावे. इतर ठिकाणी दोन तारांमध्ये बोटभर अंतर ठेवणे हे शील्डपेक्षा स्वस्त आणि तितकेच परिणामकारक असते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. १२एएक्स७च्या सॉकेटवर पिन २ आणि पिन ७, म्हणजे दोन्ही ग्रिड, बरोबर समोरासमोर येतात. प्लेटच्या पिन १ आणि ६ यांचेही तेच. त्यामुळे सॉकेट कसाही फिरवला तरी दोन्ही ग्रिड व्हॉल्यूमकडे तोंड करून बसवता येत नाहीत. मी नेहमी पहिल्या स्टेजच्या बाजूने कौल देतो: पिन २ इनपुटकडे वळवायची आणि दुसऱ्या ग्रिडची तार लांब पडली तर पडू द्यायची. सॉकेटचे भोक पाडल्यावर स्क्रू आवळण्यापूर्वी दोन मिनिटे याचा विचार केला तर पुढचे दोन तास वाचतात.

उत्तर ३

प्रयोगाच्या पद्धतीबद्दल दोन्ही उत्तरांत फारसे आले नाही, आणि मूळ प्रश्न तर तोच होता. तुमच्या दोन अ‍ॅम्प्लिफायरांमध्ये ‘फक्त मांडणी’ बदलली असे तुम्ही म्हणता, पण मांडणी म्हणजे एक गोष्ट नव्हे. ग्राउंडचा मार्ग बदलला, ग्रिडच्या तारांची लांबी बदलली, हीटरच्या तारांचा मार्ग बदलला आणि कदाचित दोन ट्रान्सफॉर्मरांमधले अंतरही बदलले. इतके बदल एकदम केल्यावर कोणता दोष कोणाच्या पदरात टाकायचा हे कळणार कसे?

मी याची शिक्षा भोगलेली आहे. एका अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण होती. हीटरच्या तारा पुन्हा पिळल्या, चॅसिसच्या कोपऱ्यात दाबल्या, मग सॉकेटच्या वरून नेल्या; दोन शनिवार-रविवार त्यात गेले. दोष हीटरचा नव्हताच. आउटपुट ट्रान्सफॉर्मर पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रात बसवला होता. तेव्हापासून चॅसिसला भोक पाडण्यापूर्वी मी एक चाचणी करतो: पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची सर्व टोके नीट इन्सुलेट करून फक्त त्याच्या प्रायमरीला वीज द्यायची, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडायचा आणि तो ट्रान्सफॉर्मर चॅसिसवर फिरवत, सरकवत ऐकायचे. दोन्हींचे गाभे काटकोनात आले की एका जागी गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. तिथे खूण करायची. पोलादी चॅसिस असेल तर ही चाचणी त्याच चॅसिसवर करावी, कारण पोलाद चुंबकीय क्षेत्र स्वतःमधून वाहून नेते आणि अ‍ॅल्युमिनियम तसे करत नाही.

प्रयोगासाठी लाकडी फळी वापरू नका. फळीवर शिट्टी वाजली तर ती मांडणीची आहे की चॅसिसचे कवच नसल्याची, हे ठरवता येत नाही. गरजेपेक्षा मोठा अ‍ॅल्युमिनियमचा चॅसिस घ्या, त्यात एक-दोन सॉकेट जास्तीचे ठेवा, आणि ज्या तारांचा प्रयोग करायचा आहे त्या टॅग स्ट्रिपवर आणा म्हणजे बोर्डाला हात न लावता बदलता येतील. दर वेळी एकच बदल, आणि बदलाआधी व नंतर मोजमाप. लाऊडस्पीकरच्या जागी ८ ओहमचा रेझिस्टर लावून त्यावरचा एसी मिलिव्होल्टमधला आकडा तीन स्थितींत नोंदवा: व्हॉल्यूम शून्य, व्हॉल्यूम पूर्ण आणि इनपुट शॉर्ट (ग्राउंडला जोडलेले), आणि व्हॉल्यूम पूर्ण व इनपुट मोकळे. कानावर विसंबू नका. रात्री शांततेत तोच आवाज मोठा वाटतो. आउटपुटला काहीच न जोडता अ‍ॅम्प्लिफायर चालवू नका, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटू शकते.

चालू अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तारा हलवून पाहणे ही सर्वांत जलद चाचणी आहे, पण ती कोरड्या लाकडी काडीने, एका हाताने, दुसरा हात चॅसिसपासून लांब ठेवून करावी. तार एक सेंटिमीटर सरकवल्यावर शिट्टीचा सूर बदलला तर दोषी सापडला.

सोल्डरिंगला हात घालण्यापूर्वी वीज काढणे पुरेसे नसते. पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर २२० किलोओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून ठेवा. सगळ्या फिल्टर कपॅसिटरांची बेरीज ५० मायक्रोफॅराड धरली, तर सुमारे एका मिनिटात ३४० व्होल्टचे दोन-तीन व्होल्ट उरतात. तरीही दर वेळी मीटरने पाहूनच हात घाला, कारण तो रेझिस्टर स्वतःच तुटलेला असू शकतो.

पहिल्या उत्तराला एक पुरवणी: हीटरचा उरलासुरला आवाज घालवायचा असेल तर हीटरचा सेंटर टॅप ग्राउंडऐवजी ६व्ही६च्या कॅथोडला जोडा. सेंटर टॅप नसेल तर १०० ओहमच्या दोन रेझिस्टरांनी कृत्रिम मध्यबिंदू करता येतो. कॅथोडवर सुमारे २० व्होल्ट असतात, तेवढ्याने हीटर १२एएक्स७च्या कॅथोडपेक्षा धन होतो आणि दोघांमधली गळती घटते. एक तार हलवायची आहे, करून पाहा.

प्रश्नकर्त्याकडून

तिघांचेही आभार. सुचवलेल्या क्रमानेच, एका वेळी एकच बदल करत गेलो.

पहिल्या उत्तरातील अटकळ अचूक निघाली. सेंटर टॅपची तार खरोखरच इनपुट जॅकच्या बाजूला, ग्राउंड तारेच्या टोकाशी होती, कारण तिथे मोकळा टरेट होता. १२एएक्स७ काढल्यावर घरघर थांबली. तार पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर नेल्यावर, व्हॉल्यूम शून्यावर असताना ८ ओहमवरचा आकडा १४ मिलिव्होल्टवरून ४ वर आला. ६व्ही६च्या कॅथोडचे ग्राउंड हलवल्यावर ३. हीटरचा मध्यबिंदू ६व्ही६च्या कॅथोडला जोडल्यावर या आकड्यात फरक दिसला नाही, पण व्हॉल्यूम पूर्ण ठेवून इनपुट शॉर्ट केल्यावर येणारी गुणगुण निश्चितच घटली.

६८ किलोओहमचा रेझिस्टर पिनेवर नेल्यावर पूर्ण व्हॉल्यूमवरचा किरकिरेपणा निम्मा झाला. उरलेला निम्मा काडीने सापडला: दुसऱ्या प्लेटपासून ६व्ही६कडे जाणारी तार इनपुटच्या तारेला समांतर, बोर्डाखालून गेली होती. बोर्डाखालून गेली असल्याने ती दिसतच नव्हती. ती वरून, काटकोनात नेली आणि किरकिर पूर्ण थांबली. पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही नेमकी हीच जोडी एकमेकींना टेकलेली आहे हे आता उघडून पाहिल्यावर लक्षात आले.

आता तिसऱ्या गेन स्टेजविषयी. त्यासाठी आणखी एक १२एएक्स७ बसवावा लागेल. कोणत्या ट्रायोडला कोणते काम द्यावे, आणि त्या स्टेजला सध्याच्याच प्रीअ‍ॅम्प फिल्टर कपॅसिटरवरून पुरवठा दिला तर चालेल का?

उत्तर २ देणाऱ्याकडून

पुरवठा तिथून देऊ नका. दोन स्टेज एका फिल्टर कपॅसिटरवर गुण्यागोविंदाने नांदतात. तिसरी त्यावर टांगली की पुरवठ्याच्याच वाटेने सिग्नल मागे पोहोचतो आणि मोटारबोटीसारखी फट-फट सुरू होण्याची शक्यता असते. नव्या स्टेजसाठी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि वेगळा कपॅसिटर घाला, आणि तिचे ग्राउंड त्याच नव्या कपॅसिटरपाशी ठेवा.

ट्रायोडची वाटणी करताना फेज लक्षात घ्या. दुसऱ्या स्टेजची प्लेट पहिल्या ग्रिडशी एका फेजमध्ये असते, तशीच तिसऱ्या स्टेजची प्लेट दुसऱ्या ग्रिडशी असते. त्या जोड्या एकमेकींपासून दूर हव्यात. तिसरी प्लेट आणि पहिली ग्रिड यांची फेज उलट आहे, म्हणून त्या जवळ आल्या तर सहसा शिट्टीऐवजी उंच स्वर गळतात, आणि हा दोष जास्त फसवा, कारण लोक मग कपॅसिटर बदलत बसतात. पहिली स्टेज एकटी एका व्हॉल्व्हमध्ये, इनपुटला लागून ठेवा आणि त्याचा दुसरा ट्रायोड मोकळा सोडून त्याची ग्रिड, कॅथोड आणि प्लेट ग्राउंड करा. दुसरी आणि तिसरी स्टेज दुसऱ्या व्हॉल्व्हमध्ये बसवा, त्या सॉकेटची पिन ७ दुसऱ्या स्टेजची ग्रिड म्हणून व्हॉल्यूमकडे वळवा आणि पिन १, म्हणजे तिसरी प्लेट, ६व्ही६च्या बाजूला येऊ द्या. बोर्डाखालून या वेळी एकही तार नेऊ नका.